अण्णांचा बंद केलेला नंबर

अंबडच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मुख्यतः अपडेट करतो आणि अपडेट केल्याबद्दल शिव्या खातो. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झालं की एकेका मशीनवर बसायचं, नव्या आवृत्त्या चढवायच्या आणि सोमवारी सकाळी "परवापर्यंत चालत होतं, तू हात लावलास आणि बिघडलं" हे ऐकून घ्यायचं. बारा वर्षं ऐकतोय. मला त्याचा राग येत नाही, कारण बऱ्याचदा त्यांचं खरंच असतं. तरी अपडेट हा प्रकार मला मनापासून आवडायचा, हे कबूल केलं पाहिजे. जुनं काढायचं, त्याच जागी नवं बसवायचं आणि वापरणाऱ्याचं काहीही हरवू द्यायचं नाही, यात मला एक टापटीप वाटायची. आता अपडेटची खिडकी समोर आली की मी 'नंतर' दाबतो.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मार्केट यार्डात पालेभाज्यांचा लिलाव पुकारायचे. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात. टेम्पोंचे हॉर्न, हमालांची ओरड आणि शेतकऱ्यांची कुरकुर या सगळ्याच्या वरून ज्याचा आवाज ऐकू येईल त्यालाच ते काम मिळतं. अण्णांनी ते तीस वर्षं केलं आणि आवाजाची ती पट्टी घरी येतानाही खाली आणली नाही. सिडकोतल्या आमच्या घरात त्यांनी मीठ मागितलं की आमटी अळणी झाल्याचं शेजारच्यांना कळायचं. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. शाळेच्या फाटकाशी येऊन त्यांनी मला हाक मारली की मी मित्रांच्या मागे लपायचो.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवावं लागेल आणि त्या आवाजात पुन्हा बोलता येणार नाही. ऑपरेशनला तीन आठवडे होते. आई देवळात जाऊ लागली आणि मी इंटरनेटवर. तिथे मला ते सॉफ्टवेअर सापडलं. माणसाने आधी आपल्या आवाजात काहीशे वाक्यं वाचून द्यायची, त्यावरून ते त्याचा आवाज तयार करतं, आणि मग तो जे टाइप करील ते त्याच्याच आवाजात बोलून दाखवतं.

सॉफ्टवेअरचे दोन भाग होते. एक बोलणारा, म्हणजे अण्णा ज्यात टाइप करणार तो. दुसरा मॅनेजर. हा पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी चिमुकल्या चिन्हासारखा बसून असतो. कोणता आवाज कुणाचा, त्याचं कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं, नवी आवृत्ती आली का, हे सगळं तो बघतो. नोंदणी करताना मॅनेजरने विचारलं, आवाज कुणाचा? मग त्याच माणसाचा मोबाईल नंबर मागितला. माझा नंबर चालेल का, तर नाही. आवाज ज्याचा, परवानगी त्याची. मला ते फार पटलं. मी अण्णांचा नंबर टाकला. यार्डातले निम्मे लोक ज्यावर फोन करायचे तोच नंबर.

आठ दिवस आम्ही आतल्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. खिडकीला गोधड्या लावल्या, पंखा बंद. कुकरच्या शिट्टीने दोन वाक्यं वाया गेल्यावर आईला ताकीद मिळाली. त्यानंतर अण्णांनी खाकरून घसा साफ केला, की आई स्वयंपाकघरात मुकाट्याने कुकरखालचा गॅस बंद करायची. आठ दिवस आम्ही कच्चट वरण खाल्लं. पडद्यावर पहिलं वाक्य आलं होतं, 'आज सकाळी लवकर उठून मी अंगणात फेरफटका मारला.'

"आपल्याला अंगण हाय का?" अण्णा म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

"अण्णा, नुसतं वाचायचंय."

"नाय. दुसरं लाव."

वाक्य वगळण्याचं एक बटण होतं. अण्णांनी सगळ्यात जास्त तेच दाबलं. नौकाविहार वगळला, नातवंडांचं स्नेहसंमेलन वगळलं, 'कृपया मला थोडे पाणी द्याल का' तर हसून हसून वगळलं. आपली वाक्यं घालायची सोय होती, तेव्हा त्यांनी आपलीच घातली. "अगं ए, चहा टाक." "लय झालं, आता बास." "कुठं मेला होता इतका वेळ?" हे शेवटचं माझ्यासाठी. घशात दुखत असताना त्यांनी सगळं पुन्हा पुन्हा म्हटलं. मी हेडफोन लावून ऐकत होतो आणि ज्या आवाजापासून मी लपायचो तो थेंब थेंब गोळा करत होतो.

ऑपरेशन झालं. महिन्याभराने एका सकाळी अण्णांनी मांडीवर लॅपटॉप घेतला, एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं. "अगं ए, चहा टाक." आतून आई म्हणाली, "टाकते की, जरा दम धरा." मग आत भांडं खाली पडल्याचा आवाज झाला आणि ती दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे बघून अण्णांनी तेच बटण पुन्हा दाबलं. त्या दिवशी आईने चार वेळा चहा केला. माझ्या हातून आयुष्यात काहीतरी धड झालं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण फोन मात्र वाजत राहिला. यार्डातल्या सगळ्यांना कुठे माहीत होतं? लांबच्या गावाहून एखादा शेतकरी गाडी भरायच्या आधी विचारायला फोन करायचा. अण्णा सवयीने उचलायचे, कानाला लावायचे आणि त्यांच्या गळ्यातून नुसता वारा निघायचा. "हॅलो, हॅलो, अण्णा, रेंज नाय का?" म्हणून पलीकडचा ठेवून द्यायचा. लॅपटॉप फोनजवळ नेऊन टाइप करेपर्यंत कुणी थांबत नसे. एकदा असे लागोपाठ तीन फोन आले. अण्णांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि ऑपरेशनपासून जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, 'बंद करून टाक.'

मी रिचार्ज करणं थांबवलं. आईने विचारलं तर म्हणालो, "ज्याला बोलताच येत नाही त्याला रिचार्ज कशाला?" अण्णा समोरच बसले होते. त्यांच्या कानांना काही झालं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मी तो फोन टीव्हीखालच्या खणात टाकून दिला. त्या नंबरावर आणखी काय काय अडकलेलं आहे, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. बारा वर्षं लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या माझ्या डोक्याला.

दोन वर्षं तो आवाज आमच्या घरात होता. त्याची एकच खोड होती. बटण दाबल्यापासून बोलेपर्यंत तो दोन-तीन क्षण घ्यायचा. तुम्हा-आम्हाला ते चाललं असतं, पण लिलाव पुकारणाऱ्याला नाही. पाहुण्यांत कुणी काही बोललं की अण्णा झटपट चेष्टेचं उत्तर टाइप करायचे आणि मशीन ते बोलेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. लोक कसंनुसं हसायचे. एकदा त्यांनी मला टाइप करून ऐकवलं, "जरा लवकर बोलव रे याला."

नेमकं तेव्हाच मॅनेजरच्या चिन्हावर नारिंगी ठिपका आला होता. नवी आवृत्ती, आवाज आता ताबडतोब. मी अण्णांना म्हटलं, रविवारी सकाळी करून टाकू, चहा होईपर्यंत होईल.

मी सगळं नियमाने केलं, हे मला सांगायचंय. आधी अण्णांच्या आवाजाची फाईल पेनड्राइव्हवर घेतली. बोलणारा भाग बंद केला. मग मॅनेजरला हो म्हटलं. अण्णा शेजारी बसून बघत होते, म्हणून मी त्यांना समजावत होतो. मॅनेजर कंपनीकडून नवा इन्स्टॉलर उतरवून घेतो. इन्स्टॉलर म्हणजे घराला रंग द्यायला आलेला माणूस. तो आधी जागा आहे का बघतो, सामान बाहेर काढतो, भिंती रंगवतो आणि सामान परत लावतो. गंमत अशी की त्याला मॅनेजरलाही घराबाहेर काढावं लागतं, कारण चालू असलेला प्रोग्राम स्वतःच्याच फाईली बदलू शकत नाही. तेव्हा मॅनेजर काम इन्स्टॉलरकडे सोपवून स्वतःला बंद करतो. चार-पाच मिनिटं कोपऱ्यात ते चिन्ह दिसत नाही. तेवढा वेळ कुणाचं काय कुठे आहे हे सांगणारं जागेवर कुणीच नसतं. मग नवा मॅनेजर उघडतो, मालकाची ओळख पटवतो आणि सामान जागच्या जागी लावून देतो. अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'आणि नाय पटली तर?' मी हसलो.

पट्टी भरत गेली. कोपऱ्यातलं चिन्ह गेलं आणि थोड्या वेळाने परत आलं, आता निळं. बोलणारा भाग आपोआप उघडला आणि एक तरतरीत तरुण म्हणाला, "नमस्कार! मी आपली काय मदत करू शकतो?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि टाइप केलं. तोच तरतरीत तरुण ताबडतोब म्हणाला, "हा कोण?"

मॅनेजरची खिडकी समोर होती. आवाज परत मिळवण्यासाठी खालील नंबरवर ओटीपी पाठवला आहे. खाली अण्णांच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. मी उठून टीव्हीखालच्या खणातला फोन काढला, चार्जिंगला लावला. सिमकार्ड मेलेलं होतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की बंद पडलेला नंबर मोबाईल कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते.

माझ्या फोनवरून मी त्या नंबरला फोन लावला. तो लागला. एका बाईने उचलला. "कोन शे?" अहिराणी बोलण्यावरून सटाण्याकडची वाटली. मी सांगू लागलो, हा नंबर आधी माझ्या वडिलांचा होता, आत्ता तुम्हाला सहा आकडी मेसेज आला असेल...

"नंबर मना शे," ती म्हणाली. "वरीसभर मनाच शे. आकडा मी सांगाव नही." आणि फोन ठेवला.

बरोबर होतं तिचं. ओटीपी कुणालाही सांगू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी, आईबापाचं नाव घेऊन रडला तरी, असा कागद मी स्वतः छापून आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये लावलाय. खाली माझी सही आहे.

मी जुनी आवृत्ती पुन्हा चढवून पाहिली. ती उघडलीसुद्धा, पण ओळख पटल्याशिवाय आवाजाचं कुलूप काढेना. पेनड्राइव्हवर अण्णांचा अख्खा आवाज होता, वाचलेल्या मूळ वाक्यांसकट, आणि तो उघडायची किल्ली त्या बाईच्या हातात. दुपारपर्यंत मी तेच पुन्हा पुन्हा करून पाहत होतो. आई दोनदा येऊन विचारून गेली, "झालं का रे?" मी तिच्यावर खेकसलो. अजून त्याचं वाईट वाटतं.

शेवटी अण्णांनीच तोड काढली. पाटीवर लिहिलं, 'माझा आवाज तुमच्या नंबरात अडकलाय, ताई.' गळ्याभोवतीचा रुमाल सोडला, पाटी छातीशी धरली आणि मला फोटो काढायला लावला. घरातल्या माणसांसमोरही ते कधी तो रुमाल सोडत नसत. फोटो मी त्या नंबरवर पाठवला. अर्ध्या तासाने व्हिडिओ कॉल आला. पन्नाशीची बाई होती, मागे तिची जाऊबाई उभी. तिने फोन जवळ धरून अण्णांच्या गळ्याकडे बघितलं. अण्णांनी हात जोडले.

"नका हो बाबा, हात नका जोडू," ती म्हणाली. "मी सांगस."

मी ओटीपी पुन्हा मागवला आणि तिने एकेक आकडा वाचला. मी टाकत गेलो. मॅनेजरने ओळख पटल्याची हिरवी खूण दाखवली. माझा जीव भांड्यात पडला. आई दारात येऊन उभी राहिली होती. यादी उघडली, तीत एकच नाव होतं, अण्णांचं, पण ते करड्या अक्षरांत. त्यापुढे लिहिलं होतं: संमतीची मुदत संपल्याने हा आवाज रद्द करण्यात आला आहे.

बाई अजून फोनवरच होती. मी तिला विचारलं, या आवाजाच्या कंपनीकडून काही मेसेज आधी आले होते का?

"मेसेज उनात ना, पाच-सहा," ती म्हणाली. "माले इंग्रजी समजत नही. माले वाटनं, फसवाना धंदा शे." तिने ते पुसलेही नव्हते. जाऊबाईने फोटो काढून पाठवले. सगळे मेसेज एकाच मजकुराचे होते. आपला आवाज जुन्या पद्धतीचा आहे, नव्या आवृत्तीसाठी तो बदलावा लागेल, आवाज आपला असल्याने परवानगी आपलीच हवी. होकारासाठी १ पाठवा. शेवटच्या मेसेजात मुदत दिली होती, आणि मुदतीनंतर नवी आवृत्ती चढवली की त्या आवाजाची किल्ली कायमची नष्ट केली जाईल, असंही.

फक्त १ पाठवायचा होता. अण्णांना तो नक्की पाठवता आला असता. त्यासाठी बोलावं लागत नव्हतं.

कंपनीला मी त्याच दिवशी सविस्तर लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, अतिशय सभ्य. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद, नष्ट झालेली किल्ली पुन्हा तयार करता येत नाही, नवा आवाज रेकॉर्ड करण्याची सोय मात्र आपल्यासाठी विनामूल्य राहील. ते मी आईला वाचून दाखवलं नाही. अण्णांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

घरात त्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी आहे. माझ्या फोनमध्ये बहिणीच्या हळदीचा एक व्हिडिओ आहे, अकरा सेकंदांचा, त्यात ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "ते बंद कर आधी." तो तरतरीत तरुण त्यांनी पुन्हा वापरला नाही. चहा हवा असला की ते चमच्याने पेला वाजवतात. आई उत्तर देत नाही, चहा आणून ठेवते. त्यांना काही ऐकवायची सोय राहिली नाही आणि तिला काही ऐकायची. मी दोघांच्या मधे बसून जेवतो आणि लवकर उठतो.

गेल्या रविवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा आतल्या खोलीतून मशीनचा आवाज आला. "तयार असाल तर पहिले वाक्य वाचा." मी तसाच साबण लावलेल्या तोंडाने गेलो. अण्णांनी खिडकीला गोधडी अडकवली होती, पंखा बंद केला होता. मांडीवर लॅपटॉप, रेकॉर्डचं लाल बटण चालू. पडद्यावर तेच वाक्य होतं, 'आज सकाळी लवकर उठून मी अंगणात फेरफटका मारला.'

वगळायचं बटण तिथेच होतं. त्यांनी ते दाबलं नाही. ताठ बसून त्यांनी ते वाक्य सगळंच्या सगळं, एकेक शब्द ओठांनी नीट म्हटलं, फेरफटकासुद्धा. गळ्यावरचा रुमाल आतून येणाऱ्या वाऱ्याने हलत होता. आवाजाची हिरवी रेघ पडद्यावर सपाट पडून राहिली.

"आवाज ऐकू आला नाही," मशीन म्हणालं. "माइकच्या जवळ या आणि थोडं मोठ्याने बोला."

मी दारातच उभा राहिलो. अण्णा पुढे सरकले, माइकपाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. स्वयंपाकघरात आईने कुकरखालचा गॅस बंद केला.